थिजलेलं तेल, देवमासा आणि क्लच नसलेली गाडी

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे कसं’ थोडे कमी केलेत, सगळे नाहीत.

मागच्या महिन्यात कॅनडातल्या एडमंटनहून एका श्रोत्यांचा निरोप आला. गाडी ऑटोमॅटिक. बाहेर उणे तीस. इंजिन सुरू होतं, पण गिअर ‘डी’मध्ये टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग एक हिसका बसतो आणि गाडी निघते. पुढची दहा मिनिटं वरचा गिअर पडतच नाही, इंजिन नुसतं ओरडत राहतं. त्यांचा प्रश्न साधा होता : गाडी बिघडली का?

एका वाक्यात उत्तर द्यायचं तर, बहुधा नाही. पण या ‘बहुधा नाही’मागे शंभर वर्षांपेक्षा जास्त इतिहास आहे, आणि त्यात जहाजं आहेत, रणगाडे आहेत, एक गाजलेलं पुस्तक आहे आणि देवमासेही आहेत. म्हणून आजचा भाग.

सुरुवात मोटारीपासून नाही, जहाजापासून करावी लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांवर वाफेच्या टर्बाइन आल्या. टर्बाइन फार वेगात फिरते, आणि जहाजाचा पंखा मात्र हळू फिरला तरच पाण्याला नीट रेटतो. मधे दातेरी चाकं घालायची तर एवढ्या ताकदीला टिकतील अशी चाकं तेव्हा बनवणं अवघड होतं. स्टेटिन इथल्या व्हल्कन गोदीत काम करणाऱ्या हर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरने 1905 मध्ये वेगळीच कल्पना पेटंट केली. टर्बाइनला जोडलेल्या एका चाकाने द्रव भिरकावायचा आणि त्या द्रवाच्या जोरावर समोरचं दुसरं चाक फिरवायचं. दोघांचा एकमेकांना स्पर्शच नाही.

घरी करून बघायचं असेल तर दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसऱ्याची वायर काढून ठेवा. चालू पंख्याच्या वाऱ्याने दुसरा हळूहळू फिरायला लागतो. आता वाऱ्याच्या जागी तेल घाला आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात कोंडा. झालं ‘फ्लुइड कपलिंग’. इंजिन चालू असताना चाकं थांबवून ठेवता येतात, आणि त्यासाठी क्लच दाबावा लागत नाही. इंग्लंडच्या डेमलर कंपनीने 1930 मध्ये हे आपल्या गाड्यांमध्ये आणलं, पण तिथे गिअर अजून माणूसच निवडायचा.

गिअर आपोआप बदलण्याचा मोठा टप्पा अमेरिकेत गाठला गेला. जनरल मोटर्समध्ये अर्ल थॉम्पसन नावाचे इंजिनिअर होते. 1928 च्या कॅडिलॅकमध्ये जो सिंक्रोमेश आला, म्हणजे ज्याच्यामुळे गिअर टाकताना खरखर थांबली, तो त्यांचाच. थॉम्पसन यांच्या चमूने पुढे ‘हायड्रा-मॅटिक’ तयार केला. 1940 च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइलमध्ये तो 57 डॉलर जादा देऊन मिळायचा. चार पुढचे गिअर, फ्लुइड कपलिंग, आणि गाडीत क्लचचं पेडलच नाही. दोन वर्षांत तो युद्धावर गेला. एम-5 या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिनं आणि त्यांना जोडलेले दोन हायड्रा-मॅटिक होते. युद्ध संपल्यावर जाहिरातींमध्ये याचं भांडवल झालं, ते साहजिकच होतं.

आता थंडीकडे येतो.

साध्या, हाताने गिअर टाकायच्या गाडीत गिअरबॉक्समधलं तेल फक्त वंगण असतं. ते थंडीत घट्ट झालं तर दांडा जड पडतो, पहिले दोन-चार गिअर जोर लावून टाकावे लागतात, पण दाते दात्यांत अडकले की गाडी जाते. ऑटोमॅटिकची गोष्टच वेगळी. तिथे इंजिनाची ताकद पुढे नेतं ते तेल. आतले क्लच दाबून धरतं ते तेल. कुठला गिअर केव्हा टाकायचा हे ठरवतं तेही तेलच. 1940 मध्ये संगणक कुठून असणार? वेगाप्रमाणे एक दाब वाढायचा, अॅक्सिलरेटरप्रमाणे दुसरा, आणि छोट्या छोट्या झडपांच्या चक्रव्यूहात हे दोन दाब एकमेकांना ढकलून निर्णय घ्यायचे. शिवाय तेच तेल वंगण, आणि तेच गरमी वाहून नेणारं. एवढी कामं एकाच नोकराला दिल्यावर तो सकाळी उशिरा उठला तर घर बंद पडणारच.

आणि थंडीत तो उशिराच उठतो. पुण्यात डिसेंबरमध्ये खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, आपण बघतच मोठे झालो. खनिज तेलाचंही थोडंफार तसंच. त्यात मेण असतं. तापमान उतरलं की मेणाचे बारीक स्फटिक होतात, एकमेकांत गुंततात, आणि तेल वाहायला नकार देतं. लडाख-स्पितीकडे ट्रकवाले पहाटे डिझेलच्या टाकीखाली शेगडी ठेवतात ते याच मेणापायी. (इंडियन ऑइलने 2019 मध्ये खास लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहणारं डिझेल आणलं, तोवर शेगडीच.) गिअरबॉक्सच्या तळाशी असलेलं असं दाटलेलं तेल पंपाला ओढून घ्यायचं असतं. ते वेळेवर येत नाही, दाब तयार व्हायला वेळ लागतो, झडपा सुस्तावतात. गाडी जुनी असेल तर रबराचे सीलही कडक झालेले असतात, त्यांच्या बाजूने तेल निसटतं. मग आमच्या श्रोत्यांचे ते दोन-तीन सेकंद येतात. हिसका बसतो कारण दाब हळूहळू न चढता एकदम येतो.

किती थंडी म्हणता? तर 3 फेब्रुवारी 1947 ला कॅनडाच्या युकॉनमधल्या स्नॅग इथे जवळजवळ उणे 63 अंशांची नोंद झाली. 1954 च्या जानेवारीत अमेरिकेत माँटाना राज्यात उणे 57. म्हणजे ज्या वर्षांत ऑटोमॅटिक गाड्या लाखांनी खपत होत्या त्याच वर्षांतले हे आकडे. रोज अशी थंडी नसते हे खरं, पण उणे 25-30 ही त्या भागात बातमी होत नाही.

त्या काळच्या लोकांनी काय केलं, हा मला या विषयातला सगळ्यात आवडता भाग. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्रू फ्रीमन यांनी इंजिनाच्या एका बोल्टच्या जागी बसेल असा विजेचा हीटर बनवला, 1949 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. गाड्यांच्या जाळीतून बाहेर डोकावणारा प्लग तुम्ही विनिपेग किंवा फेअरबँक्सला पाहिला असेल, तो या हीटरचाच वारसा. पार्किंगच्या जागेत गाडीगणिक विजेचा खांब असतो. आपल्याकडचा माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला वाटतं सगळ्या गाड्या इलेक्ट्रिकच आहेत. मलाही मिनेसोटात पहिल्या हिवाळ्यात या खांबांचं फार अप्रूप होतं.

पण हीटर इंजिनाला. गिअरबॉक्स तसाच गारठलेला. त्यासाठी हायड्रा-मॅटिकमध्ये एक गोष्ट होती, जी आजच्या गाड्यांत नाही : दुसरा पंप. पुढचा पंप इंजिनावर चालायचा, आणि मागचा चाकांकडून फिरणाऱ्या दांड्यावर. आता विचार करा. बॅटरी थंडीत अर्धमेली होते. उणे अठराच्या आसपास तिची ताकद निम्म्याहून खाली येते, आणि नेमकं तेव्हाच इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. त्या गाड्यांची बॅटरी होती सहा व्होल्टची. हाताच्या गिअरची गाडी आपण काय करतो? धक्का मारतो, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडतो. ऑटोमॅटिकला धक्का मारून काही होत नाही, कारण इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे दाब नाही, दाब नाही म्हणजे आतले क्लच मोकळे. पण मागचा पंप असेल तर चाकं फिरली की दाब तयार! दुसऱ्या गाडीने मागून रेटायचं, दांडा न्यूट्रलमध्ये, ताशी पंचवीस-तीस मैलांचा वेग आला की ‘ड्राइव्ह’मध्ये टाकायचा. इंजिन घरघरून जिवंत व्हायचं. मात्र रेटायचं, दोरीने ओढायचं नाही, कारण इंजिन एकदम सुरू झालं की तुमची गाडी ओढणाऱ्यालाच जाऊन धडकायची.

मिनेसोटात आमच्या इमारतीत एक आजोबा होते, त्यांनी तरुणपणी असं कितीदा केलंय ते ते रंगवून सांगायचे. त्यांच्या मते गल्लीतला शेजारधर्म मागच्या पंपाबरोबर संपला. हे काही मी इतिहास म्हणून छापणार नाही, पण पंप गेला हे खरं. गाड्यांत बारा व्होल्ट आले, बॅटऱ्या सुधारल्या, खर्च आणि वजन वाचवायचं होतं, आणि 1960 च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकन गिअरबॉक्समधून मागचा पंप एकेक करून काढून टाकला गेला. तेव्हापासून ऑटोमॅटिक गाडी बंद पडली की धक्क्याचा उपाय संपला. केबल शोधा, किंवा क्रेन बोलवा.

दुसरी गोष्ट बर्फाची, आणि ही जिवावर बेतणारी. सुरुवातीच्या हायड्रा-मॅटिकच्या दांड्यावर ‘पार्क’ नव्हतं. क्रम होता न्यूट्रल, ड्राइव्ह, लो आणि शेवटी रिव्हर्स. गाडी उभी करायची तर इंजिन बंद करून दांडा रिव्हर्समध्ये टाकायचा, आत एक खिट्टी अडकायची. थंड प्रदेशात याचं महत्त्व जास्त, कारण हँडब्रेकच्या केबलमध्ये पाणी गोठलं तर ब्रेक सकाळी सुटतच नाही. त्यामुळे तिकडची जुनी माणसं आजही हिवाळ्यात हँडब्रेक लावायला बिचकतात.

आता लो आणि रिव्हर्स शेजारी शेजारी. गाडीचं चाक बर्फात रुतलं की पुढे-मागे, पुढे-मागे झोका देत बाहेर काढावं लागतं. लो, रिव्हर्स, लो, रिव्हर्स. दांडा फक्त एक घर हलवायचा. बर्फाळ गावात राहणाऱ्याला ही रचना वरदानच वाटणार. पण हीच रचना उन्हाळ्यातही होती, कोरड्या रस्त्यावरही होती. पुढे जायला म्हणून लोमध्ये टाकायला गेलेला हात एक घर पुढे गेला की गाडी मागे उसळायची. मागे कोण उभं आहे हे कुणी पाहिलेलं नसायचं. त्यात प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा. क्रायस्लरने तर 1956 पासून काही वर्षं दांडाच काढून बटणं दिली होती. घरातल्या दोन गाड्यांचे दोन क्रम असतील तर घोटाळा होणारच.

1965 मध्ये राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ आलं. बहुतेकांना त्यातलं शेवरोले कोर्वेअरचं प्रकरण आठवतं, पण गिअरच्या या क्रमावरही त्यांनी सडकून लिहिलंय. माझं मत विचाराल तर पुस्तकातली ही बाजू कोर्वेअरच्या बाजूपेक्षा पक्की आहे. 1968 पासून लागू झालेल्या अमेरिकी सुरक्षा नियमांमध्ये स्पष्ट अट आली : पुढचे गिअर आणि रिव्हर्स यांच्यामध्ये न्यूट्रल असलाच पाहिजे. पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो हा जो क्रम आज आपल्याला निसर्गनियम वाटतो, तो तेव्हा सर्वांवर बंधनकारक झाला. बर्फात झोका द्यायला आता मधलं एक घर ओलांडावं लागतं. माझ्या मते हा सौदा पूर्णपणे योग्य होता.

आता देवमासा. इथे थोडं थांबून बोलतो.

जनरल मोटर्सने 1949 मध्ये ऑटोमॅटिकच्या तेलाचं ‘टाइप ए’ हे मानक काढलं, म्हणजे कुठल्याही तेल कंपनीला त्या बरहुकूम तेल करून विकता येऊ लागलं. 1957 मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती, आणि 1967 मध्ये ‘डेक्सरॉन’. या तेलांपुढे एक चमत्कारिक अडचण असते. तेलाने घर्षण कमी करायचं, पण फार नाही. आतले क्लच तेलातच बुडालेले असतात, त्यांनी एकमेकांना हळुवार पकडलं पाहिजे. पकड फार झाली तर हिसका, कमी झाली तर घसरून जळणार. ही नजाकत आणणारा एक पदार्थ सापडला होता, तो म्हणजे स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल.

या माशाच्या प्रचंड डोक्यात आणि चरबीत जे मिळतं ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने तेल नाहीच, ते द्रवरूप मेण आहे. गरमीत टिकतं, धातूला धरून राहतं आणि थंडीतही बरंच प्रवाही राहतं. एकोणिसाव्या शतकात त्याचे दिवे जळायचे, रॉकेल आल्यावर ती मागणी गेली, आणि विसाव्या शतकात यंत्रांनी ती परत आणली. 1960 च्या दशकाच्या मध्यात जगभरात वर्षाला 25 हजारांहून जास्त स्पर्म व्हेल मारले जात होते. सगळे गिअरबॉक्ससाठी नव्हेत, हे नीट सांगितलं पाहिजे. चामड्याचे कारखाने, इतर वंगणं, असे बरेच गिऱ्हाईक होते, आणि अमेरिकी सरकारच्या युद्धोपयोगी साठ्यातही हे तेल होतं. पण शहरातला एक साधा कारकून सकाळी गाडी ‘डी’मध्ये टाकतो आणि ती हिसका न देता निघते, त्या हळुवारपणात थोडासा देवमासा असायचा. ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तेल लाल रंगाचं, कारण गळती झाली तर इंजिनाच्या तेलापासून वेगळं ओळखू यावं म्हणून रंग घालतात. पण तो लाल रंग बघून आज मला कसंसंच होतं.

1970 मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातलं आणि तेलाची आयात बंद झाली. 1973 चा संकटग्रस्त प्रजातींचा कायदा त्यानंतरचा. तेल कंपन्यांना पर्याय हवा होता. एक दावेदार होता होहोबा, अॅरिझोना आणि मेक्सिकोच्या वाळवंटातलं झुडूप. याच्या बीतून निघणारं ‘तेल’सुद्धा खरं तर द्रवरूप मेण, देवमाशाच्या तेलाचा जवळजवळ जुळा भाऊ. सगळं छान, फक्त ते साधारण दहा अंशांच्या खाली गोठायला लागतं. उणे नाही, अधिक दहा! वाळवंटातल्या झुडपाला उणे तीसची काळजी कशाला असेल? खोल, गार समुद्रात हिंडणाऱ्या प्राण्याच्या अंगातलं मेण आणि उन्हात वाढलेल्या झुडपाचं मेण, यांतला फरक नेमका इथे उघडा पडला.

शेवटी प्रयोगशाळेत बनवलेली रसायनं वापरून ‘डेक्सरॉन-2’ आलं. त्याने देवमाशाचं काम केलं, पण रेडिएटरजवळच्या कूलरचं डाक काम, म्हणजे सोल्डर, ते खायला लागलं. मग गंजरोधक घालून ‘2-डी’. ही सगळी धावपळ पाच-सहा वर्षांतली. देवमासा वाचला तो काही मोटार कंपन्यांच्या मनात कणव आली म्हणून नाही. कायदा आला, मग सहा महिन्यांपूर्वी अशक्य वाटणारं रसायनशास्त्र शक्य झालं.

यानंतरची कथा आकड्यांत भराभर सांगता येते. तेलाचा दाटपणा मोजताना तापमान धरतात उणे 40. (सेल्सिअस म्हणा की फॅरनहाइट, या एका ठिकाणी दोघांचं एकमत आहे.) ‘डेक्सरॉन 2-डी’ला या तापमानात 50 हजार सेंटिपॉइजपर्यंत दाट व्हायची मुभा होती. अंदाज यावा म्हणून सांगतो, घरातला मध काही हजार ते दहा हजारांच्या आसपास असतो. गाडी पूर्ण तापल्यावर तेच तेल असतं सहा-सातच्या घरात. म्हणजे एकाच तेलाने सकाळी मधाच्या पाचपट आणि दुपारी जवळजवळ पाण्यासारखं व्हायचं, आणि दोन्ही वेळा गिअर बरोबर टाकायचे. पुढे गिअर बदलायचं काम संगणकाकडे गेलं, बारीक छिद्रांच्या विद्युत झडपा आल्या, त्यांना एवढं दाट तेल चालेना. 1990 च्या सुमाराच्या ‘2-ई’ने मर्यादा 20 हजारांवर आणली, 2005 च्या ‘डेक्सरॉन-6’ने 15 हजारांवर.

तर आता एडमंटनच्या श्रोत्यांकडे वळतो. वरचा गिअर दहा मिनिटं पडत नाही, तो तुमची गाडी मुद्दाम पाडत नाहीये. तेलात तापमान मोजणारा सेन्सर आहे. तेल गार आहे असं दिसलं की संगणक गिअर उशिरा बदलतो, आणि कन्व्हर्टरचा लॉक लावतच नाही, म्हणजे तेल घुसळलं जाऊन लवकर तापावं. काही गाड्यांत इंजिनाच्या गरम पाण्यावर हे तेल तापवायची सोयही असते. आणि गाडी अर्धा तास जागेवर चालू ठेवल्याने इंजिन तापतं, गिअरबॉक्स फारसा नाही. क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये तर ‘पार्क’मध्ये असताना कन्व्हर्टरकडे तेलच जायचं नाही. एखाद-दोन मिनिटं थांबा, ‘डी’मध्ये टाकून गिअर लागल्याचं जाणवेपर्यंत ब्रेक धरा, आणि पहिले काही मैल हळू चालवा. दोन-तीन सेकंदांचे पुढे आठ-दहा झाले, किंवा उन्हाळ्यातही तसंच व्हायला लागलं, तर मात्र तेलाची पातळी बघून घ्या. आणि तेल बदलाल तेव्हा गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला, दुकानदार ‘सगळ्याला चालतं’ म्हणाला तरी.

पुढच्या भागात बॅटरी. सहा व्होल्टचे बारा कसे झाले, त्याबद्दल बरेच प्रश्न आलेत. तोवर नमस्कार.